चौदा शेरे, एकेचाळीस विहिरी

उदगीरहून येणारी जीप कमलनगरच्या अलीकडे तीन किलोमीटरवर पंक्चर झाली, तेव्हा मंजुश्री रस्त्याकडेच्या विहिरीत फीत सोडून उभी होती. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. कडुनिंबाचा मोहोर वाऱ्याने सुटून विहिरीत पडत होता आणि पाण्यावर पांढरट साय धरल्यासारखा तरंगत होता. फितीच्या टोकाचे वजन पाण्याला टेकले की नाही, हे इतक्या वरून दिसत नव्हते. ती मान वाकवून नुसता कानोसा घेत होती.

जीपमधले उतारू निंबाच्या सावलीला येऊन बसले. एकटा तेवढा बसला नाही. तो विहिरीच्या काठापर्यंत आला, तिच्यापासून बेताचे अंतर राखून उभा राहिला आणि त्याने खाली पाहिले.

"टेकलं," तो म्हणाला. "त्या पारव्याच्या घरट्याखाली बघा... तरंग उठलाय."

खरेच उठला होता. मंजुश्रीने आकडा वाचला आणि फोनमध्ये भरला. त्या अनोळखी माणसाची नजर फोनच्या पडद्यावर गेली, तिथून तिच्या पायाखालच्या दगडी ओट्यावर आली आणि तिथेच थांबली.

"तुम्ही ओट्यावरून मोजायलाव," तो हलकेच म्हणाला.

"मग कुठून मोजू? आमच्याकडं सगळे इथूनच मोजतेत."

"सगळे?"

"आज्यापास्नं. मोटेचा दोर इथूनच सुटायचा ना. जमिनीवरून मोजायला इथं कुणी येडं न्हाई."

तो हसला नाही. विचारात पडला, आणि हे तिला जरा विशेष वाटले. मग ओट्याच्या कडेवर बसून त्याने सगळे समजावून सांगितले. त्याचे नाव श्रीशैल. घर चिटगुप्प्याचे, नोकरी कलबुर्गीत, भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेत. तिच्या फोनवर जे सॉफ्टवेअर होते, ज्याला सगळे 'विहीरवही' म्हणत, ते सांभाळणाऱ्या पाचसहा जणांपैकी तो एक. विहीरवही असे गृहीत धरून चालत असे की पाण्याची खोली जमिनीपासून मोजली आहे. कमलनगर तालुक्यातल्या एकेचाळीस विहिरींचे आकडे मात्र काही ओट्यावरून, काही जमिनीवरून आलेले. त्यांचा मेळ बसेना, म्हणून विहीरवहीने ते सगळेच बाजूला ठेवले होते. नकाशावर तो तालुका कोरा दिसत होता.

त्या कोरेपणाचा अर्थ मंजुश्रीला कुणी सांगण्याची गरज नव्हती. दर उन्हाळ्यात कुठल्या विहिरींचा गाळ काढायचा, हे संस्था त्या नकाशावरून ठरवी. सलग दोन वर्षे तिच्या तालुक्यातल्या एकाही विहिरीचा नंबर लागला नव्हता.

"मग दुरुस्त करा की," ती म्हणाली. "तुमचंच हाय ना ते?"

"कुणाचंच न्हाई. म्हंजे... सगळ्याचंच हाय."

विहीरवहीचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही दुरुस्ती लिहावी, पॅच म्हणून पाठवावी. सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी ती तपासावी, शेरे लिहावेत आणि पटली तर सामावून घ्यावी. एवढे सांगून त्याने ती काय करते, असे विचारले. कमलनगरच्या कॉलेजात संगणक शिकवते, तात्पुरत्या नेमणुकीवर, असे तिने सांगितले.

"मग मला कामून सांगायलाव?" त्याच्या डोळ्यांत आता हसू होते. "ओटा तुमचा, विहीर तुमची. तुम्हीच पाठवा. मेच्या दहा तारखेला नवी आवृत्ती निघतीय. त्याच्या आत आलं तर औंदाच्या नकाशात कमलनगर दिसंल."

जीपचा भोंगा वाजला. तो गेला. फीत गुंडाळताना मंजुश्रीच्या लक्षात आले की तिने त्याला आपले नाव सांगितलेच नव्हते.

आठ दिवस कॉलेज सुटले की ती पॅच लिहायला बसे. विहीर कुठून मोजली, ओट्यावरून की जमिनीवरून, हे नोंदवण्याची सोय तिने केली. हात घातलाच आहे तर तारखा लिहिण्याची पद्धत सुधारली. बटणांचे रंग तिला उदास वाटत, तेही बदलले. एका जागी कोणीतरी कोड फार पसरून लिहिला होता, तो आवरून ठेवला. मग हे सगळे एकत्र बांधून तिने पाठवून दिले. सोबतच्या टिपणात एवढेच लिहिले: 'कमलनगरसाठी आवश्यक बदल. कृपया लवकर घ्यावेत.'

दुसऱ्या दिवशी तिला चौदा शेरे आले. चौदाही श्रीशैलचे.

रंग का बदलले? तारखांचा या दुरुस्तीशी काय संबंध? ओटा म्हणजे नेमके काय, त्याची उंची कोण मोजणार? हा आवरलेला कोड पूर्वीसारखाच चालतो, हे कसे तपासले? ... एकामागून एक, ना नमस्कार ना चमत्कार. स्टाफरूममध्ये बसून वाचताना तिचे कान तापले. तिच्या वर्गातली मुले तिने फळ्यावर लिहिलेले निमूट उतरवून घेत. उलट प्रश्नांची तिला सवय राहिली नव्हती. तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिले आणि पुन्हा न वाचता धाडले: 'त्या दिवशी आपण स्वतः ओट्यावर बसला होतात. तरीही विचारता, ओटा म्हणजे काय?'

तासाभरात त्याचे उत्तर आले.

'मी बसलो होतो. पण पाच वर्षांनी जो कोणी हा कोड वाचेल, तो बसलेला नसेल. त्याला कळेल असे लिहावे, एवढीच विनंती. माझ्या शेऱ्यांचा सूर तुटक झाला, त्याबद्दल क्षमस्व. घाईत नमस्कारही राहिला. नमस्कार. ता. क. त्या दिवशी आपले नाव विचारायचे राहून गेले होते. आज कळले.'

मंजुश्रीने ते तीनदा वाचले. रागावलेल्या माणसाला उत्तर देताना स्वतःचा राग मध्ये येऊ न देणे ही काय चीज असते, हे तिने घरात, कॉलेजात, कुठेच फारसे पाहिले नव्हते. आपले वाक्य तिला आता जळक्या भाकरीसारखे दिसू लागले. ते पुसता येत नव्हते. सगळी चर्चा सर्वांसमोर कायमची राहणार होती. म्हणून तिने त्याखाली लिहिले की आपला सूर चुकला, आणि चौदा प्रश्नांची चौदा उत्तरे दोन दिवसांत देते.

ती उत्तरे देतानाच ती शिकत गेली. एका पॅचमध्ये एकच काम असावे, म्हणजे तपासणाऱ्याला ते एका बैठकीत डोक्यात धरता येते. तिने एकाचे तीन पॅच केले आणि रंगांचा नाद सोडला. काय बदलले हे कोड स्वतःच सांगतो. का बदलले हे माणसाला सांगावे लागते. तिने ओट्याचा सगळा इतिहास पाच ओळींत लिहिला, सोबत फोटो जोडला. प्रत्येक शेऱ्याला नुसते 'केले' असे न लिहिता, काय केले आणि कसे पारखून पाहिले, ते लिहिले.

एका शेऱ्याशी मात्र ती सहमत नव्हती. ओट्याची उंची भरल्याशिवाय नोंद पुढे जाऊच नये, असे त्याने सुचवले होते. तिला माणिकप्पा आठवले. तिच्या गावातल्या विहिरी तेच मोजत. अडुसष्ट वर्षांचे, दोराला हातहातावर गाठी मारून मोजणारे. तिने लिहिले: 'कित्येक ओट्यांभोवती बोरीबाभळी माजल्या आहेत. उंची सक्तीची केली तर आमचे माणिकप्पा काका मनाला येईल तो आकडा भरतील आणि पुढे जातील. खोट्या आकड्यापेक्षा "माहीत नाही" बरे. म्हणून मला ही सूचना योग्य वाटत नाही. आपले मत वेगळे असल्यास कारण कळवावे.'

एक पूर्ण दिवस गप्प गेला. तिला वाटले, दुखावला असेल. मग शेरा आला: 'दोनदा वाचले. तुमचे बरोबर आहे, माझे चूक. सूचना मागे घेतो.'

त्या दिवशी वर्गात मुले उदाहरणे सोडवत असताना तिने टेबलाखाली फोन धरून ते वाक्य पुन्हा काढून पाहिले. माझे चूक. दोन शब्द, मागेपुढे काही पांघरूण नाही. असे सहज लिहू शकणारा माणूस बोलत असेल कसा, चिडत असेल कसा, हे जाणून घ्यावेसे तिला वाटू लागले... आणि वाटते आहे हे लक्षात येताच ती उठून फळा पुसायला गेली, जो आधीच कोरा होता.

पहिले दोन पॅच घेतले गेले. शेऱ्यांखालची 'ता. क.' वाढत चालली. चिटगुप्प्याला वळीव पडला. कमलनगरला पडला का? उदगीरची जीप अजून तिथेच पंक्चर होते का? पण शेरे साठसत्तर लोक वाचत, म्हणून एक दिवस त्याने ईमेलवर आपला फोन नंबर पाठवला; कामासाठी, असे लिहून. मग संध्याकाळी गुरे घरी येण्याच्या वेळेला मंजुश्री गच्चीवर जाऊ लागली, आणि तिचे वडील भगवानराव, ज्यांना ती अण्णा म्हणे, खालून एकदा वर पाहून गोठ्याकडे वळू लागले.

"आज तुमचा शेराच न्हाई आला," ती म्हणे.

"तुम्ही चूकच केली न्हाई, तर लिहू काय?"

"मग एखादी करू का?"

"नका. म्हंजे... फोन करायला एवढं कारण लागतंच असं न्हाई."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिला पेपर तपासायला बीदरला जावे लागले. बसस्टँडसमोरच्या उपाहारगृहात तो आधीच येऊन बसला होता. कलबुर्गीहून एवढ्या लांब, उन्हाचा. कामून आलाव, असे तिने विचारले, तर त्याने चुरमुऱ्यांच्या सुसल्याची बशी तिच्याकडे सरकवली आणि मिरची फार तिखट आहे, एवढेच सांगितले. ती त्याला पाहत राहिली. उपाहारगृहाचा म्हातारा मालक कन्नडमध्ये काहीतरी लांबण लावून सांगत होता, आणि श्रीशैल हातातला घास तसाच ठेवून ऐकत होता. मध्ये एक प्रश्न विचारी, उत्तर पुरे होऊ देई, मग दुसरा विचारी. म्हाताऱ्याचा चेहरा उजळत गेला. हाच माणूस ते चौदा शेरे लिहिणारा, हे तिला तिथे नीट कळले. तो प्रश्न विचारतो तेव्हा समोरच्याला कमी लेखत नाही. समोरच्याजवळ काहीतरी आहे, याची त्याला खात्री असते.

निघताना त्याने पिशवीतून एक पोलादी फीत काढली. तीस मीटरची, नवी.

"तुमची कापडाची हाय. ओली झाली की ताणती," तो म्हणाला. "बोटभर फरक पडतोय दर खेपेला."

"एवढं बघितलंत त्या दिवशी?"

"तवा फीतच बघत व्हतो." तो थोडा अडखळला. "निम्मा वेळ."

बसमध्ये ती फीत मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीतून गरम वारा येत होता आणि पोलाद तापत होते. पण तिने ती पिशवीत ठेवली नाही.

मेच्या पाच तारखेला तिने तिसरा पॅच पाठवला. मुख्य काम यातच होते. प्रत्येक विहिरीच्या ओट्याची उंची घेऊन ती जुन्या-नव्या सगळ्या आकड्यांतून वजा करायची, म्हणजे सगळ्या विहिरी एका पातळीवर येतील आणि नकाशात उमटतील. तीनशे ओळी होत्या. दहा मिनिटांत उत्तर आले: 'छान. घेतले.'

ती जिना उतरून धावतच गोठ्यात गेली. अण्णांनी म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता ऐकून घेतले, आणि कुणी तपासले, तेवढे विचारले. तपासले एकाने, असे ती म्हणाली. म्हणताना तिला काहीतरी खुपले. तीनशे ओळी, दहा मिनिटे, दोन शब्द. चौदा प्रश्न विचारणाऱ्याला एकही प्रश्न पडला नव्हता.

सकाळी माणिकप्पा त्यांच्या विहिरीचा नवा आकडा भरून फोन दाखवायला आले. दारातूनच त्यांनी सुरू केले.

"पोरी, तुझ्या फोनात पाऊस पडला काय गं?"

"का, काका?"

"माझ्या हिरीला मागल्या वर्षीपेक्षा तीन हात पानी चढलंय म्हनतोय ह्यो. बादली तर चिखलात टेकायलीय. म्हटलं, आपल्याला दिसंना ते पानी तुझ्या फोनाला दिसायलंय जनू."

मंजुश्री त्यांच्याबरोबर विहिरीवर गेली. ओट्याच्या जागी नुसते खड्डे होते. घडीव चिरे गेल्या दिवाळीला मारुतीच्या देवळाच्या जोत्याला नेले, असे माणिकप्पांनी सांगितले. मोट गेली, पंप आला, चिरे कशाला उन्हात ठेवायचे? तेव्हापासून ते जमिनीवरून मोजत होते. आणि तिचा कोड जुन्या नोंदीतल्या, आता नसलेल्या ओट्याची उंची त्या आकड्यांतून अजून वजा करत होता. पाणी कागदावरच चढत होते. ज्या विहिरीला सर्वांत जास्त गरज, तीच नकाशात भरलेली दिसली असती.

चूक तिची होती. पण ओटा गेला तर काय, हा प्रश्न तर पहिल्या दिवसापासून श्रीशैलच्याच धाटणीचा होता. तिने तिथूनच फोन लावला.

"काल माझा पॅच वाचला का तुम्ही?"

"वाचला की."

"तपासला?"

विहिरीतून एक पारवा फडफडत वर आला आणि निघून गेला.

"न्हाई," तो म्हणाला. "तुमचं नाव बघितलं अन्... बरोबरच असंल, असं वाटलं. तुम्हाला ताटकळत ठेवू वाटंना."

"चौदा शेरे लिहिलेत तवा मला लई राग आला व्हता," ती म्हणाली. "पर त्या दिवशी तुम्ही माझी ओळ न् ओळ वाचली व्हती. काल नुसतं नाव वाचलंत. असलं कौतुक नको मला, श्रीशैल. माझं काम खरं हाय का खोटं, ते मला कुणीतरी सांगायला पायजे. ते सांगणारे तुम्ही एकटेच व्हताव."

तिने त्याला पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारली होती. ते दोघांच्याही लक्षात आले.

त्या दुपारी तिने सर्वांसमोर लिहिले की तिसरा पॅच सदोष आहे, तो परत काढावा. ओटा मोडलेल्या विहिरींचा आपण विचार केला नव्हता. माणिकप्पांच्या विहिरीचे आकडे आणि जोत्यातल्या चिऱ्यांचा फोटो तिने पुराव्याला जोडला. आवृत्ती निघायला चार दिवस उरले होते.

पाठोपाठ त्याचा मजकूर आला.

'पॅच परत काढला आहे. चूक लिहिणाऱ्यापेक्षा तपासणाऱ्याची अधिक आहे. मी तो न तपासता घेतला. यापुढे मंजुश्री यांचे काम मी तपासू नये. त्यांच्या बाबतीत माझे मत निःपक्ष राहिलेले नाही.'

साठसत्तर लोकांच्या फोनवर ते एकाच वेळी पोचले. मंजुश्री तेव्हा स्टाफरूममध्ये होती. समोरच्या बाईंनी डबा पुढे करत, काही वाईट बातमी आहे का, असे विचारले. नाही, असे ती म्हणाली, आणि चटणी समजून मीठच भाकरीवर घेतले. एखाद्याने रस्त्यात अडवून काही बोलावे, चिठ्ठी द्यावी, हे तिने ऐकले होते. आपली कुचराई स्वतः चव्हाट्यावर मांडून, आपला अधिकार सोडून देऊन कुणी इतके सरळ काही सांगते, हे तिच्या कल्पनेत नव्हते.

तिसऱ्या पॅचची तपासणी आता कलबुर्गीच्या नागरत्ना अक्कांकडे गेली. विहीरवहीच्या त्या सर्वांत जुन्या जाणत्या. त्यांच्या शेऱ्यांत एक शब्द जादा नसे. श्रीशैलच्या मजकुराखाली त्यांनी लिहिले: 'निर्णय मान्य. कारण लिहिलेले नाही. कृपया लिहावे.' आणि मंजुश्रीला नऊ प्रश्न विचारले. पहिलाच असा: किती ओटे मोडले आहेत, आणि प्रत्येक कोणत्या महिन्यात?

कागदावर याचे उत्तर कुठेच नव्हते. माणसांना विचारायला हवे होते. शनिवारी सकाळी ती माणिकप्पांना घेऊन निघाली, तर कमलनगरच्या स्टँडवर श्रीशैल उभा होता.

"तुम्ही का आलाव?" ती म्हणाली. "तुम्हाला तर तपासायचं न्हाई."

"म्हणूनच आलोय. आता मी नुसती फीत धरू शकतोय."

माणिकप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि हा कोण, म्हणून मंजुश्रीला विचारले. आधी तपासत होते, आता नाहीत, असे तिने सांगितले. नापास झाला म्हण की, असे म्हणून म्हातारा पुढे चालू लागला.

दोन दिवस ते उन्हातान्हात गावे फिरले. ओटे कधी मोडले, हे तारखेने कुणीच सांगत नव्हते. वीरण्णाच्या थोरल्या लेकीच्या लग्नाच्या आधी. शाळेची भिंत पडली त्या पावसाळ्यात. सुमनबाईच्या म्हशीला जुळे झाले त्या साली. श्रीशैल प्रत्येक घटनेचा महिना चार जणांना विचारून पक्का करी. मंजुश्री लिहून घेई. जिथे मेळ बसेना तिथे ती 'माहीत नाही' लिही, आणि तो मान डोलवी. एकेचाळीसपैकी अकरा ओटे गेलेले निघाले. कोडमध्ये त्याने एका अक्षराला हात लावला नाही. एकदा तिने पडदा पुढे केला, तर तो डोळ्यांवर हात ठेवून वळून उभा राहिला आणि तिला हसू आवरेना.

दहा तारखेला दुपारी दुरुस्त केलेला पॅच आणि नागरत्ना अक्कांच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर तिने पाठवले. ऊन कलले तेव्हा ते दोघे शेवटच्या विहिरीवर होते, टेकडाच्या पायथ्याशी, चिंचेखाली. माणिकप्पा ओळखीच्या घरी चहाला थांबले होते. नेटवर्कची एक काडी उमटली आणि शेरा आला: 'सर्व नऊ उत्तरे तपासली. तीन नमुने स्वतः चालवून पाहिले. बरोबर आहे. घेतले.'

तिने नकाशा उघडला. तो फार सावकाश उतरला. आधी शेजारचा औराद तालुका, मग मध्ये जिथे दोन वर्षे कोरे होते तिथे एकेक ठिपका, लाल, पिवळा, लाल. माणिकप्पांची विहीर गडद लाल होती. तिने त्याला दाखवले. त्याने तिच्या हातातला फोन न घेता, तिच्या खांद्यावरून वाकून, एकेचाळीस ठिपके मोजले. मोजून होईपर्यंत ती हलली नाही.

"अक्काला अजून कारण न्हाई कळवलंत," ती नकाशाकडेच पाहत म्हणाली. "चार दिवस झाले."

"लिहून ठेवलंय. पाठवलं न्हाई." त्याने आपला फोन काढला. "सगळ्यांच्या आधी तुम्ही वाचावं, असं वाटलं. न्हाई पटलं तर पुसून टाका. मी काही विचारणार न्हाई."

पडद्यावर दोनच वाक्ये होती. 'कारण: मंजुश्री यांच्याशी लग्न करावे अशी माझी इच्छा आहे. त्यांना अजून विचारलेले नाही.'

चिंचेची बारीक पाने फोनवर पडत होती. ती तिने एकदा झटकली, पुन्हा झटकली. तो लिंगायत, ती मराठा शेतकऱ्याची मुलगी. त्याच्या घरात कन्नड पहिली, तिच्या घरात मराठी. अण्णा आधी गप्प बसतील, मग फार प्रश्न विचारतील, आणि त्याची आई, गौरम्मा, त्याहून जास्त विचारील. हे काही एका आठवड्याचे काम नव्हते. तिने मान वर केली. तो विहिरीकडे तोंड करून उभा होता, तिला वाचायला मोकळीक देऊन, पाठ ताठ, कान मात्र लाल.

"दुसरं वाक्य आता खोटं हाय," ती म्हणाली.

तो वळला.

"मला विचारलंय की. आत्ताच वाचलं मी." तिने ते वाक्य एकेक अक्षर मागे घेत पुसले. मग क्षणभर थांबली, आणि त्याच्या जागी स्वतः लिहिले. त्याला दाखवले: 'त्यांची हरकत नाही. दोन्ही घरी विचारायचे आहे. वेळ लागेल.'

त्याने वाचले. पुन्हा वाचले. यावेळी अगदी सावकाश, ओळीवर बोट ठेवून, जणू एखादी खूण सुटून जाईल. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"पाठवू?" त्याने विचारले.

"मी पाठवते."

तिने बटण दाबले. गोल चक्र फिरत राहिले. विहिरीजवळ नेटवर्क पुन्हा गेले होते. मग तिने फोन उंच धरला, दुसऱ्या हाताने त्याचे मनगट पकडले आणि दोघे टेकड चढू लागले. तापलेल्या मुरमावरून, घसरत, थांबत, दर दहा पावलांना पडद्याकडे पाहत. निम्म्यावर आल्यावर तिने मनगट सोडून हात धरला. माथ्यावर वारा लागला, आणि संदेश गेला.